अर्ध्या गाईची नोंद

५ नोव्हेंबर, मंगळवार

निवृत्त होऊन चार महिने झाले आणि आज पुन्हा नोकरीला लागले. कुठे, तर गोठ्यात. एकतीस वर्षं रसायनीच्या कारखान्यात स्टोअर्सचे हिशेब ठेवले, ड्रम मोजले, व्हॉल्व्ह मोजले, ऑडिटरने कधी एक शेरा मारला नाही. आता गाई मोजायच्या.

याला जबाबदार दोघं. एक माझी लेक श्रिया. तिने बंगळुरूहून फोनवर सांगितलं, "आई, तू दिवसातून चार फोन करतेस. जरा कशात तरी मन घाल." दुसरा अनुपम, माझ्या बहिणीचा मुलगा. तो नेरळला सीए आहे. त्याच्या एका अशिलाचा खालापूरजवळ दुधाचा गोठा आहे. पुण्याची ऋजुता नावाची कोणी बाई जानेवारीत त्यात पैसे घालणार, गोठ्याची कंपनी होणार, म्हणून प्रत्येक जनावर अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं. आठवड्यातून तीन दिवस. कर्जतहून स्कूटरने पाऊण तास.

गोठ्याचा मालक मालोजी, पासष्टीचा, मोजकं बोलणारा. कारभार त्याचा मुलगा स्वप्नील बघतो. शेतकीची पदवी, इस्त्रीचा शर्ट, सगळं मोबाइलवर. मुलगा मला आवडला. बापाने मला बघून एवढंच म्हटलं, "चप्पल भायेर ठेवू नका, कुत्रा न्हेतो."

७ नोव्हेंबर

आज मोजणी. कारखान्यातल्यासारखीच करायची ठरवली होती. प्रत्येक नगावर खूण, मग बेरीज. संतोष नावाचा गडी खडू घेऊन बरोबर होता. पहिल्यांदा सदतीस आली. दुसऱ्यांदा एकोणचाळीस. ड्रम जागचे हलत नाहीत हा त्यांचा केवढा मोठा गुण आहे ते आज कळलं. तिसऱ्या वेळी एका म्हशीने अंगावरचा खडू खांबाला घासून पुसला आणि वर माझी ओढणी चाटली.

मालोजीची बायको सुंदरा मघापासून भाकऱ्या थापत बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अवो बाई, चरायच्या टायमाला कशाला मोजता? सांजच्याला दावणीला या. जिचा तिचा खुंटा ठरलेला हाय. खुंटा रिकामा दिसला तर गाय नाय."

संध्याकाळी अडतीस खुंटे, अडतीस जनावरं. दोन मिनिटं लागली. सुंदराचे आभार मानायला हवे होते, मानले नाहीत. तीन तास फुकट गेल्याचा राग होता.

१२ नोव्हेंबर

सॉफ्टवेअरला प्रत्येक जनावराची जन्मतारीख हवी. इथे जन्मतारखा सुंदराच्या डोक्यात आहेत आणि त्या अशा आहेत: "ही ना, अपेक्षाची हळद व्हती त्या दिशी." अपेक्षा म्हणजे तिची लेक. मग कपाटातून लग्नपत्रिका शोधली, तिच्यावरून हळदीची तारीख काढली आणि ती गाईला दिली. एका म्हशीसाठी चौकच्या पुलाचं काम कोणत्या साली चाललं होतं ते चहाच्या टपरीवर विचारून आले. बत्तीस तारखा झाल्या. सहा राहिल्या, त्यांना एक जानेवारी दिली. शाळेत आपल्याला एक जून देत असत तसं.

मालोजी दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "एवढं कळून करायचं काय?" मी म्हटलं, "जनावर म्हातारं होत जातं तसतशी त्याची किंमत उतरते, ती दरवर्षी कमी करायची असते." त्यावर तो म्हणाला, "कालवडीची तर चढते." मग निघून गेला. त्याचं बरोबर होतं. अनुपमला विचारलं, तर तो म्हणाला, "मावशी, फार खोलात जाऊ नकोस."

१९ नोव्हेंबर

एक गाय व्याली. म्हणजे आता एकोणचाळीस. खरेदी नाही, बिल नाही, तरी शिल्लक एकाने वाढली. कारखान्यात असं झालं असतं तर मी दारं बंद करून पुन्हा मोजणी केली असती. सॉफ्टवेअर किंमत विचारत होतं आणि शून्य घेत नव्हतं. शेवटी अनुपमच्या सांगण्यावरून एक रुपया टाकला. वासरू त्या वेळी उभं राहायची धडपड करत होतं. चांगलं दिसत होतं. एक रुपया टाकताना मला ओशाळल्यासारखं झालं.

२६ नोव्हेंबर

सापडला घोळ! जनावरांच्या दवाखान्यातून कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांची यादी आणली. मालोजीच्या नावावर एक्केचाळीस बिल्ले, नव्या वासराचा धरून. दावणीला एकोणचाळीस. दोन गायब. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. किती महिन्यांनी काहीतरी जुळत नव्हतं.

मालोजीला गाठलं. तो शांत. "ती वर हायेत. वाडीत. कोंडीकडं."

"विकलीत?"

"नाय. अर्धेलीनं दिलीत."

अर्धेल म्हणजे काय ते त्याने सांगितलं. आपली कालवड दुसऱ्याला पाळायला द्यायची. चारा, पाणी, राखण सगळं त्याचं. पहिल्यांदा व्याली की पंच बसतात आणि गाईची किंमत करतात. गाय निम्मी देणाऱ्याची, निम्मी पाळणाऱ्याची. ज्याला ती ठेवायची असेल त्याने दुसऱ्याला निम्मी किंमत द्यायची. कोंडी डोंगराकडच्या वाडीतली, बारा वर्षं त्याच्या कालवडी पाळते. आता तिच्याकडे तांबू नावाची गाभण कालवड आहे आणि एक लहान. लसीच्या वेळी बिल्ले मारले तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून मालोजीने आपला नंबर दिला.

"याचा कागद कुठे आहे?"

"कागद कशाला? तोंडी हाय."

संख्येच्या रकान्यात अर्धा टाकून पाहिला. "पूर्ण संख्या टाका" असं लाल अक्षरात आलं. सॉफ्टवेअरचंही खोटं नाही, अर्धी गाय दूध देत नाही. बिल्ला मालोजीच्या नावावर, म्हणून दोन्ही पूर्ण चढवल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "कोंडीकडे, अर्धेलीने." स्वप्नीलला दाखवलं. त्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "मॅडम, हा शेरा रिपोर्टवर छापून येतो. पुण्याच्या लोकांना अर्धेल काय कळणार? उगाच प्रश्न विचारत बसतील. रिपोर्ट क्लीन पाहिजे." मुलाला व्यवस्थितपणाची आवड आहे. शेरा काढला. रिपोर्ट खरंच स्वच्छ दिसतो.

३ डिसेंबर

मालोजी आज आपणहून म्हणाला, "चला बाई, तुमची दोन जनावरं बघून घ्या. यादीत हायेत ना." पायवाटेने तास लागला. माझे गुडघे बोलायला लागले. तो पुढे, वळून बघायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. एवढ्या लांब मला कशाला आणलं ते कळेना. प्रत्यक्ष तपासणी फोटोवरही झाली असती.

कोंडी पन्नाशीची असेल. नवरा चांगो वीटभट्टीवर जातो, तो नव्हता. ती सगळ्यांना अरेतुरेच करते, मालोजीलाही. तिची बोली मला सगळी कळली असं नाही. तांबूला सातवा महिना आहे. तिच्यासाठी घराच्या आतच जागा केली आहे, चूल एका अंगाला आणि गाय दुसऱ्या. तांबू व्याली की पंच बसवायचे, निम्मे पैसे मालोजीला द्यायचे आणि गाय ठेवायची, असं तिच्या मनात आहे. बारा वर्षांत पाच कालवडी वाढवल्या, पाचही वेळा तिने आपला निम्मा वाटा पैशांत घेतला आणि गाय खाली गेली. ही पहिली तिची होणार. पैसे जमवलेत, कुठे ठेवलेत तेही तिने दाखवलं. असं कोणी परक्याला दाखवतं का?

निघताना तिने विचारलं, "बाई, तुझ्या मशिनीत माझी तांबू हाय का?"

मी म्हटलं, "दोन्ही आहेत. अगदी व्यवस्थित. काळजी करू नकोस."

ती खूश झाली. उतरताना मालोजी म्हणाला, "तुमी हाय म्हनालात, तिला बरं वाटलं." कौतुक केलं त्याने माझं. तसा तो माणूस वाईट नाही, फक्त कॉम्प्युटरची धास्ती घेतली आहे.

१७ डिसेंबर

ऋजुता येऊन गेल्या. वय श्रियाएवढं. यादी पाहून म्हणाल्या, "एवढी नीट यादी मी कुठल्याच डेअरीत पाहिली नाही." स्वप्नीलने पेढे आणले. मला दोन दिले. मालोजी तिकडे फिरकलाच नाही, वैरण कापत बसला. पाहुण्या आल्या की घरच्या कर्त्याने दोन मिनिटं तरी बसायला नको?

२२ डिसेंबर

श्रियाला फोन केला. मीटिंगमध्ये होती. रविवारी कसली मीटिंग.

२ जानेवारी

कंपनी झाली. जनावरांच्या यादीखाली "वरील सर्व जनावरे कंपनीच्या पूर्ण मालकीची आहेत" असं छापलेलं होतं. तयार करणारी म्हणून माझी सही. एक्केचाळीस ओळी, एकही खाडाखोड नाही.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी गेले तर दावणीला दोन नवे खुंटे ठोकलेले. विमा काढायचा म्हणून सगळी जनावरं एका छपराखाली हवीत असं पुण्याहून कळवलं होतं. काल स्वप्नीलने टेंपो वाडीच्या पायथ्यापर्यंत पाठवला. तो स्वतः गेला नाही, संतोषला पाठवलं. बरोबर माझ्या यादीची प्रत, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये.

तांबू आली आहे. कोपऱ्यात उभी. वैरणीला तोंड लावत नाही.

संतोषला विचारलं, कोंडी काय म्हणाली. तो माझ्याकडे बघेना. "काय भांडली नाय. मी म्हनालो ह्या आता कंपनीच्या. कागद दावला. तिला वाचता येत नाय, पर खाली सही हाय ती कुणाची ते तिनं इचारलं. मी म्हनालो बाईंची. मंग तिनंच दावं सोडलं. म्हनाली, बाई म्हनाली व्हती नीट लिवलंय."

दिवसभर काही काम झालं नाही. मी चूक काय केली? बिल्ला मालोजीच्या नावावर आहे. हे मी चारदा स्वतःला सांगितलं.

१० जानेवारी

आज कामाचा दिवस नव्हता. एकटीच वर गेले. दोनदा वाट चुकले.

कोंडी अंगणात बसली होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी म्हटलं, माझ्याकडून चूक झाली, मी शेरा काढला, मला वाटलं नव्हतं की असं होईल. तिला शेरा म्हणजे काय ते कळलं नसणार. ती ऐकत होती. मग म्हणाली,

"मालोजीनं कदी लिवलं नाय, तवर माझी व्हती. तू लिवलंस नि गेली."

रागाने नाही बोलली. मी घरात डोकावले. तांबूची जागा झाडून ठेवली होती.

मला लाज वाटली. हे साध्या शब्दांत लिहून ठेवते, कारण येताना रस्ताभर मी त्याला दुसरी नावं देत होते.

१४ जानेवारी, मंगळवार

सुंदराने तिळगूळ दिला. मी तो हातात धरूनच स्वप्नीलशी बोलायला गेले. म्हटलं, दोन जनावरं परत करायला हवीत. तो अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, तिचा हक्क कागदावर कुठे आहे? दाखवा. मी तिला राखणीचे पाच हजार देणार आहे, तसा मी वाईट नाही." वर म्हणाला, "यादी तुमची आहे. सही तुमची आहे." याला अर्धेल काय ते जन्मापासून माहीत होतं. पुण्याच्या लोकांना कळणार नाही म्हणाला तेव्हा मी त्याच्या व्यवस्थितपणाचं कौतुक करत होते. माझ्यासारखी मठ्ठ मीच.

मग मालोजीकडे गेले आणि त्याच्यावर भडकले. "तुम्हाला सगळं माहीत होतं, तुम्ही तोंड का उघडलं नाहीत?"

तो पेंढ्याची गुंडाळी सोडत होता. थांबला. "पोरगा माझा हाय, बाई. घर आता तो चालवतो. दोन येळा बोललो, तो म्हनाला आबा तुमी पडू नका यात. म्हून तुमाला वर घेऊन गेलो व्हतो. वाटलं, तुमी लिवणाऱ्या. बघितलं म्हंजे लिवाल."

तास चढून गेलो ते त्यासाठी. आणि मी गुडघ्यांची तक्रार करत होते.

१६ जानेवारी

सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद नावाचा एक भाग आहे. कंपन्यांच्या हिशेबात कोणी काय लिहिलं आणि काय खोडलं ते सगळं तिथे राहतं, पुसता येत नाही. आज उघडला. २६ नोव्हेंबर, दुपारी चार बारा: शेरा, "कोंडीकडे, अर्धेलीने." चार एकतीस: शेरा काढला. दोन्ही ओळींपुढे माझं नाव. सुनीती, सुनीती.

हाच कागद आहे. यात स्वप्नीलचं नाव कुठेच नाही. माहीत असून खोडलं आणि माहीत असून सही केली, असंच कोणीही वाचेल, आणि ते खरंही आहे. अनुपमला फोन केला. तो घाबरला. "मावशी, तू खोट्या यादीवर सही केलीस असं स्वतःच लिहून देणार? माझाही अशील जाईल. आठ दिवस थांब, बघू काहीतरी." आठ दिवसांत विमा उतरेल, मग काही हलणार नाही. एकतीस वर्षं जपलेलं बिनशेऱ्याचं नाव, एवढंच काय ते माझ्याकडे आहे, तेही द्यायचं म्हणजे जिवावर येतं. खोटं कशाला लिहू, संध्याकाळपर्यंत मी गप्प बसायचंच ठरवत होते.

१८ जानेवारी

ऋजुतांना पत्र पाठवलं. नोंदीची प्रत जोडली. "यादी चुकीची आहे, ती मी केली आहे, दोन जनावरं पूर्ण मालकीची नाहीत." चार ओळी. पाठवल्यावर भांडी घासली, घासलेलीच पुन्हा.

२१ जानेवारी

ऋजुता स्वतः आल्या. सगळ्यांना बसवलं. मालोजीला विचारलं, "हे खरं आहे का?"

मालोजीने मुलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं हाय. निम्मी तिची हाय. दोनी."

स्वप्नील उठून बाहेर गेला. ऋजुता म्हणाल्या, "मला दोन गाई कमी चालतील. चुकीची यादी चालणार नाही." मग माझ्याकडे वळून, आवाज जराही न चढवता, "आणि तुम्ही हे माहीत असून सही केली होती. यापुढे यादी दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शेरा मिळाला शेवटी.

२३ जानेवारी

सुंदराचा फोन. गाभण गाय टेंपोत नको म्हणून मालोजी स्वतः तांबूला चालवत वर घेऊन गेला, लहान कालवड मागे. तिला विसावा देत देत, सकाळी निघाला तो दुपारी पोचला. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत, जेवतात वेगवेगळे. ते तिने अगदी सहज सांगितलं. अनुपमही माझा फोन घेत नाही.

७ फेब्रुवारी

तांबू व्याली. कालवड झाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

मालोजीने निरोप पाठवला होता, पंच बसणार आहेत, या. मला कशाला, हे विचारायचं धाडस झालं नाही. वर गेले. जाताना नवीन वही घेतली, कार्बन घेतला, दोन प्रती काढायच्या, एक कोंडीला, एक मालोजीला, खाली पंचांचे अंगठे, म्हणजे पुन्हा कोणी फोल्डर घेऊन येणार नाही. हे सगळं मी मनात मांडूनच गेले होते.

अंगणात पाच पंच. वाडीतले आबाजी सगळ्यांत म्हातारे, त्यांना दिसतं कमी. त्यांनी तांबूच्या पाठीवरून हात फिरवला, कास चाचपली, दात बघितले, वासराला पोटाशी धरलं. इतरांनीही तसंच. कोणी घाई केली नाही. चांगो भट्टीवरून आला होता, तो आणि कोंडी एका बाजूला उभे. मालोजी खाली बसलेला. मी वही उघडली, कार्बन घातला, तारीख टाकली.

कोंडी माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाई, पेन ठेव."

मी समजावायला गेले. म्हटलं, अगं, तुझ्याच भल्यासाठी, आता कागद असला की कोणी—

"ठेव," ती म्हणाली. "ऐक नुसती."

मी मालोजीकडे पाहिलं. त्याने मान हलवली. पेन पर्समध्ये टाकलं, वही मांडीखाली सारली. हातांचं काय करावं ते कळेना. आबाजींनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी किंमत सांगितली. बाकी चौघांनी ती एकेकाने पुन्हा म्हटली. मालोजीने म्हटली. कोंडीने म्हटली. मग ती वळून माझ्याकडे बघत राहिली, तेव्हा मीही म्हटली. कोंडीने आत जाऊन निम्मे पैसे आणले आणि मालोजीच्या हातात दिले. तांबू तिची झाली.

आकडा मी इथेही लिहीत नाही.